रात्री २ वाजता डॉक्टरांना उठवायचं का? नर्सिंगचे विद्यार्थी हा निर्णय घ्यायला कसे शिकतात

समजा, आकुर्डीतल्या एका हॉस्पिटलमध्ये रात्रपाळी सुरू आहे. कारखान्यात जखमी झालेल्या कामगाराच्या मांडीच्या हाडाचं सकाळी ऑपरेशन झालंय. रात्री २ वाजता तो म्हणतो, "सिस्टर, जीव घाबरा होतोय."

नाडी ११२, श्वास मिनिटाला २२, वरचं बीपी १००, ऑक्सिजन ९५ टक्के. ताप नाही, पेशंट शुद्धीवर आहे.

यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर फार भीतीदायक वाटत नाही. मग लगेच फोन करायचा, की तासाभराने पुन्हा बघायचं?

बेरीज काय सांगते?

ब्रिटनमध्ये २०१२ मध्ये ‘न्यूज’ ही गुणपद्धत आली. प्रत्येक मोजमापाला ० ते ३ गुण मिळतात. तब्येत जितकी बिघडलेली, तितके गुण जास्त. २०१७ च्या सुधारित तक्त्यानुसार या पेशंटच्या नाडीचे २, श्वासाचे २, बीपीचे २ आणि ऑक्सिजनचा १. एकूण ७. आणि ७ म्हणजे तातडीने डॉक्टर हवेत.

सराव कसा करतात?

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या प्राध्यापक क्रिस्टीन टॅनर यांनी २००६ मध्ये चार टप्पे मांडले.

१. लक्षात येणं: आधीच्या नोंदींपेक्षा काय बदललं? ड्रेसिंग वरून कोरडं दिसलं तरी मांडीखाली हात घालून रक्त साचलंय का, ते बघायचं. लघवी कमी झालीय का?

२. अर्थ लावणं: हे नुसतं दुखणं आहे, की आत रक्तस्राव होतोय?

३. कृती: पेशंटजवळ थांबून मदत बोलवायची. फोनवर ‘एसबीएआर’ क्रमाने बोलायचं: आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी, मला काय वाटतंय, तुमच्याकडून काय हवंय. "सर, पेशंट बरा वाटत नाही" एवढं पुरत नाही. "रक्तस्रावाची शंका आहे, तुम्ही आत्ता या," हे स्पष्ट सांगावं लागतं.

४. मागे वळून बघणं: काय आधी दिसायला हवं होतं?

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बीएस्सी अभ्यासक्रमात सिम्युलेशन, म्हणजे पुतळ्यावर किंवा रचलेल्या प्रसंगातून सराव, आहे. पुतळा नसेल तर दोन विद्यार्थीही हा सराव करू शकतात. एक आकडे सांगतो, दुसरा निर्णय आणि त्याचं कारण. इथे निर्णय चुकला तर कुणाचा जीव जात नाही. वॉर्डात मात्र वाया गेलेला एक तास पेशंटला महागात पडू शकतो.