मोडक्या यंत्राचा इतिहास

अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या विक्रीच्या जाहिरातींत पिनबॉलच्या यंत्रापुढे ‘दुरुस्तीजोगे’ हा शेरा पुष्कळदा आढळतो. ‘बहुधा फ्यूजच गेला असावा’ अशी पुस्तीही त्यास कधीकधी जोडलेली असते. फ्यूजच गेला असता तर विक्रेत्याने तो बदलून यंत्र चढ्या भावाने विकले असते, हे जाणते गिऱ्हाईक ओळखून असते. भोळे गिऱ्हाईक मात्र वरची रंगीत काच पाहते, आत पाहत नाही. हा दोष त्याच्या एकट्याचा नव्हे. या यंत्राच्या बाबतीत तो थोर नगरशासनाकडूनही घडला आहे.

उन्हाळ्याच्या सुटीत खिळे ठोकलेल्या फळीवर गोट्या सोडण्याचा बॅगाटेलचा खेळ आपल्यापैकी अनेकांनी खेळला असेल. पिनबॉलचे मूळ त्यातच आहे. बॅगाटेल अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाला. १८७१ साली सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह याने चेंडू सोडण्यासाठी काठीऐवजी स्प्रिंगचा दट्ट्या बसवून अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. पुढे १९३१ साली शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने ‘बॅफल बॉल’ हे पेटीवजा यंत्र साडेसतरा डॉलरांस विकावयास काढले. दिवस मंदीचे होते, आणि एका सेंटात काही चेंडू खेळावयास मिळत; यंत्र पाहता पाहता दुकानोदुकानी पोहोचले. मात्र दट्ट्या सोडला की यंत्राला हलकासा धक्का देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नसे.

त्यात बक्षिसे आली, आणि बक्षिसांमागून पैजा आल्या. जानेवारी १९४२ मध्ये महापौर ला गार्डिया यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्क शहरात पिनबॉलवर बंदी आली. जप्त केलेली यंत्रे घणांनी फोडण्यात आली. त्या काळच्या यंत्रापुरते पाहिले, तर हा खेळ दैवाचा आहे हे महापौरांचे मत अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

पण १९४७ साली गॉटलिबच्याच कारखान्यातून हॅरी मॅब्ज यांनी योजिलेले ‘हम्प्टी डम्प्टी’ बाहेर पडले. त्याच्या दोन्ही बाजूंस मिळून सहा लहान फळ्या होत्या. बटण दाबताच त्या विजेच्या जोरावर उसळून चेंडू परत वर फेकीत. त्यांस फ्लिपर असे नाव पडले. आता खेळ हाताच्या कौशल्याचा झाला. यंत्राचा स्वभाव पालटला, पण नाव तेच राहिले, आणि कायदा नावाकडेच पाहत राहिला. नियमाचे कारण संपले तरी नियम मागे उरतो, हा अनुभव शासकीय सेवेतील वाचकांस अपरिचित नसावा.

न्यूयॉर्कची बंदी १९७६ साली उठली. रॉजर शार्प या तरुण लेखकाने नगरपरिषदेच्या समितीपुढे प्रत्यक्ष यंत्र मांडले, चेंडू कोणत्या मार्गाने जाईल हे आधी सांगितले आणि तो तसाच नेऊन दाखविला. त्या एका फेकीत दैवाचाही हात होता, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केले. तरीही चौतीस वर्षांत जे युक्तिवादांनी साधले नाही, ते यंत्र समोर ठेवून पाहिल्याने साधले.

विक्रीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली. त्यापूर्वीच्या यंत्राच्या पोटात रिले, गुणांची फिरती चक्रे आणि तारांचे जाळे असते. चिकाटीचा माणूस आकृतीवरून एकेक जोड तपासून ते पुन्हा चालते करू शकतो. काचेमागचा रंग पोपडे होऊन गळला, तर मात्र मूळ चित्र परत येत नाही. ही यंत्रे घरासाठी नव्हे, धंद्यासाठी बनविलेली होती. कमाई थांबली की एकाचे भाग काढून दुसऱ्यास लावीत. म्हणून आज हाती येणारे यंत्र बहुधा अपुरेच असते.

अशा यंत्राच्या विक्रेत्याने झाकण उघडून आतले छायाचित्र द्यावे. कोणता भाग नाही, काच कोठे सोलली आहे, फळी कोठे झिजली आहे, हे आपण होऊन सांगावे. किंमत चार पैशांनी उतरेल. पण ज्याला खरोखर दुरुस्ती करावयाची आहे असाच माणूस ते नेईल. घणांतून वाचलेले यंत्र पुढे एखाद्या अडगळीत मोडून पडावयाचे नसेल, तर ते अशाच हाती गेले पाहिजे.