ईजिप्शियन थिएटर, हॉलिवुड
ईजिप्शियन थिएटर, हॉलिवुड : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्यातील एक ऐतिहासिक चित्रपटगृह. लॉस अँजेल्स शहराच्या हॉलिवुड भागात ते असून, प्राचीन ईजिप्तच्या मंदिराची आठवण करून देणारी त्याची सजावट आणि त्याचे दोनदा झालेले पुनरुज्जीवन यांमुळे चित्रपटगृहांच्या इतिहासात त्याला महत्त्वाचे स्थान आहे.

नाट्य-चित्रपटव्यवसायी सिड ग्रोमन (१८७९–१९५०) व स्थावर मालमत्तेचे विकासक चार्ल्स टोबरमन यांनी ते उभारले. आराखडा मायर अँड हॉलर या संस्थेचा होता. बांधकामास सु. आठ लाख डॉलर खर्च आला. १८ ऑक्टोबर १९२२ रोजी डग्लस फेअरबँक्सच्या रॉबिन हूड या मूकपटाने त्याचे उद्‌घाटन झाले. हॉलिवुडमधील समारंभपूर्वक प्रथम खेळाची प्रथा येथूनच रूढ झाली, असे मानतात. तूतांखामेनच्या थडग्याचा शोध त्यानंतर, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये लागला. त्यामुळे ही सजावट त्या शोधाचा परिणाम नव्हे. त्या शोधाने उसळलेल्या ईजिप्तविषयक कुतूहलाचा लाभ मात्र चित्रपटगृहाला मिळाला.

येथील रचनेचे वैशिष्ट्य म्हणजे खेळ सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षकाला निराळ्या जगात नेण्याची योजना. रस्त्यावरून आत शिरल्यावर लांबट, उघडे प्रांगण लागे. त्याच्या भिंतींवर चित्रलिपी व देवदेवतांच्या आकृती होत्या. प्रांगणाच्या टोकाला चार भव्य स्तंभांचा द्वारमंडप होता. सभागृहाच्या छतावर सूर्यकिरणांचे भव्य नक्षीकाम होते. ग्रोमनने पुढे १९२७ मध्ये उभारलेल्या चायनीज थिएटरमध्येही हीच दृष्टी आढळते.

प्रदर्शनतंत्रातील बदलांनी मात्र या सजावटीची हानी केली. टॉड-एओ या रुंद पडद्याच्या पद्धतीसाठी १९५५ मध्ये रंगमंचाची दर्शनी कमान व तिच्या लगतची सजावट काढून टाकण्यात आली. पुढे प्रेक्षकसंख्या रोडावली आणि १९९२ मध्ये चित्रपटगृह बंद पडले. जानेवारी १९९४ मधील नॉर्थरिज भूकंपात इमारतीची मोठी पडझड झाली. नगरप्रशासनाने १९९६ मध्ये जीर्णोद्धाराच्या अटीवर ती अमेरिकन सिनेमाथेक या संस्थेस नाममात्र एका डॉलरला विकली.

या जीर्णोद्धारात एक मूलभूत प्रश्न होता. १९२२ चे सभागृह मूकपट व रंगमंचीय कार्यक्रमांसाठी होते, तर नव्या सभागृहात आधुनिक ध्वनियोजना हवी होती. हॉजेट्स + फंग या वास्तुविशारदांनी जुन्या भिंतींना धक्का न लावता त्यांच्या आत स्वतंत्र पोलादी सांगाड्यावर नवे सभागृह बसविले. जुने सजावटकाम खेळाच्या वेळी झाकून एरवी उघडे करता यावे, यासाठी सरकते ध्वनिफलक योजिले. प्रांगणाला मूळ रूप देण्यात आले. डिसेंबर १९९८ मध्ये चित्रपटगृह पुन्हा सुरू झाले.

नायट्रेट फीत ही अतिज्वालाग्राही असते; तिच्या प्रक्षेपणासाठी अग्निरोधक कक्ष आवश्यक असतो. २०१६ मध्ये अशी सोय झाल्याने जुन्या चित्रपटांच्या मूळ प्रती येथे दाखविणे शक्य झाले.

नेटफ्लिक्स या कंपनीने २०२० मध्ये वास्तू विकत घेतली. भूकंपरोधक बळकटीकरणासह सु. सात कोटी डॉलर खर्चाचा दुसरा जीर्णोद्धार होऊन ९ नोव्हेंबर २०२३ रोजी ती पुन्हा खुली झाली. या वेळी १९९८ मधील सज्जा काढून सभागृहाचा मूळ मोकळेपणा परत आणण्यात आला. आसने ५१६ राहिली. शुक्रवार ते रविवार सिनेमाथेकचे कार्यक्रम आणि इतर दिवशी कंपनीचे, अशी वाटणी ठरली.

दोन्ही जीर्णोद्धारांतील फरक उद्‌बोधक आहे. पहिल्याने नव्या गरजा जुन्या कवचात बसविल्या. दुसऱ्याने ती भर बरीचशी दूर करून मूळ अवकाशाला प्राधान्य दिले. पहिली भर स्वतंत्र सांगाड्यावर असल्यामुळेच ती दूर करणे सुकर झाले. जुन्या वास्तूत केलेला बदल पुढील पिढीला मागे घेता यावा, या संरक्षणशास्त्रातील तत्त्वाचे मोल या उदाहरणावरून स्पष्ट होते.