प्रतिजैविकांनंतरचे जुलाब
जालना जिल्ह्यातील आष्टीचा (ता. परतूर) एखादा रुग्ण शहरातील रुग्णालयातून बरा होऊन घरी परततो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याला पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. दोष बहुधा पाण्याला दिला जातो. पण नुकतीच घेतलेली प्रतिजैविकेही त्यामागे असू शकतात. मोठ्या आतड्यातील उपकारक जिवाणू या औषधांनी मरतात व ‘क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल’ या जिवाणूला मोकळे रान मिळते. त्याच्या विषांनी आतड्याच्या अस्तराला सूज येते. १९३५ साली नवजात बालकांच्या विष्ठेत आढळलेल्या या जिवाणूचा आजाराशी संबंध उमगला तो १९७८ मध्ये. क्लिंडामायसिन, सेफॅलोस्पोरिन व फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांनंतर धोका अधिक, वृद्धांना विशेष.

अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी परस्पर घेणे अंगाशी येऊ शकते. डॉक्टरांना आधीच्या औषधांची चिठ्ठी दाखवावी; निदान विष्ठेच्या तपासणीतून होते. विशेष म्हणजे उपचारही प्रतिजैविकानेच होतो. त्यासाठी व्हँकोमायसिन तोंडावाटेच द्यावे लागते. शिरेतून दिल्यास ते आतड्यात पुरेसे पोहोचत नाही. या जिवाणूचे बीजाणू अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला दाद देत नाहीत. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनी हात साबण व पाण्यानेच धुवावेत.