यात्रेच्या पत्रिकांचा संग्रह

जुन्नर : चैत्र-वैशाखात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत ग्रामदैवतांच्या यात्रांचा हंगाम सुरू होतो. अभिषेक, मांडव डहाळे, शेरणी, बैलगाडा शर्यती, कुस्त्यांचा आखाडा आणि रात्रीचे लोकनाट्य असा सारा क्रम छापील पत्रिकेत दिलेला असतो. पाहुणे परतले की पत्रिका रद्दीत जाते. वास्तविक ती त्या घाटाच्या इतिहासाची नोंद होय.

अमेरिकेत बेसबॉल अजिंक्यपद सामन्यांची तिकिटे व कार्यक्रमपुस्तिका जमविणाऱ्यांचा मोठा वर्ग आहे. जॅकी रॉबिन्सन यांच्या १९४७ मधील पदार्पणाच्या सामन्याच्या तिकिटाचा तुकडा २०२२ मध्ये ४ लाख ८० हजार डॉलरना विकला गेला. न झालेल्या सामन्यांची तिकिटेही तेथे जपली जातात. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने अंतिम मालिकेची तिकिटे छापून घेतली. संघ मात्र सलग दहा सामने हरला आणि ती मालिका दुसऱ्यांनी खेळली!

आपल्याकडेही असे कागद असू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा यात्रांचा हंगाम सरलेला नव्हता. १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली, पण लांडेवाडी (ता. आंबेगाव) येथे १ जानेवारी २०२२ रोजी ठरलेली शर्यत करोनामुळे ऐनवेळी रद्द झाली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. या तारखांच्या आगेमागे छापलेला कोणताही कागद हाती आल्यास तो सोडू नये, असे प्रस्तुत प्रतिनिधीस वाटते.

पत्रिकेवर सन नसेल, केवळ तिथी व वार असेल, तर पंचांगाचा आधार घ्यावा लागतो. तोही पुरेसा नसतो. चैत्र पौर्णिमा २०२२ मध्ये शनिवारी होती, तशीच २०२५ मध्येही. अशा वेळी सरपंचांचे नाव, तमाशा फडाचे नाव, मुद्रणालयाचा पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांकातील आकड्यांची संख्या उपयोगी पडते. नारायणगावच्या राहुट्यांवर त्या वर्षी कोणता फड ठरला होता, हे जाणकारांना सांगता येते.

कागद हलका असल्याने तो लवकर पिवळा पडतो व घडीवर फाटतो. चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. ते पुन्हा काढता येत नाही. घडी उलगडून, पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात सपाट ठेवावा. साध्या पीव्हीसी पिशवीला काही वर्षांनी शाई चिकटते. कोठे, कोणाकडून मिळाला, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे. हल्ली अनेक पत्रिका मोबाइलवरच फिरतात. त्यांची प्रत तारखेसह छापून ठेवावी.

पत्रिकेच्या कोऱ्या बाजूस कोणी बारीचे सेकंद टिपलेले आढळले, तर डाग समजून ते खोडू नयेत. कित्येकदा त्या बारीची तेवढीच लेखी नोंद उरलेली असते.