‘राजपुताना’ आगबोट

गांधीजी गोलमेज परिषदेसाठीं इ. स. १९३१ च्या ऑगस्टच्या २९ तारखेस मुंबईहून निघाले, हें शाळकरी मुलांसही ठाऊक असतें. पण ज्या आगबोटीनें ते गेले तिचें पुढें काय झालें, असें विचारलें असतां बहुतेक सुशिक्षित मंडळी निरुत्तर होतात. आम्हीही फार दिवस त्यांतलेच होतों.

‘राजपुताना’ ही पी. अँड ओ. कंपनीची. स्कॉटलंडांतील ग्रीनॉक येथें १९२५ सालीं ती पाण्यांत सोडण्यांत आली. आकार सुमारें साडेसोळा हजार टन. ‘रांची’, ‘रणपुरा’ आणि ‘रावळपिंडी’ या तिच्या सख्ख्या बहिणी. नांवें सगळीं हिंदुस्थानी, मालकी मात्र लंडनची! विलायत आणि मुंबई यांच्या दरम्यान टपाल व उतारू नेणें हें त्यांचें काम. या कंपनीच्या बोटींवर डेकचें काम रत्नागिरीकडील खलाशांकडे व वाढपाचें काम गोमंतकीयांकडे असे. पण इतिहासांत नांवें राहिलीं तीं कप्तानांचीं व बड्या उतारूंचीं.

असाच एक उतारू म्हणजे अरबस्तानांत गाजलेला लॉरेन्स. शॉ हें नांव घेऊन तो हवाई दलांत साधा शिपाई झाला होता. १९२९ च्या जानेवारींत तो याच बोटीनें मुंबईहून परतला. गांधीजींनीं दुसऱ्या वर्गानें प्रवास केला. सोबत्यांनीं आणलेलें जास्तीचें सामान त्यांनीं एडनहून परत धाडावयास लावलें. पंडित मालवीय व सरोजिनीबाईही त्याच बोटीवर होत्या. ११ सप्टेंबरला बोट मार्सेयला लागली.

१९३९ सालीं महायुद्ध सुरू होतांच आरमारानें ही बोट ताब्यांत घेऊन तिच्यावर सहा इंची आठ तोफा चढविल्या. उतारूंची बोट तोफा चढवून युद्धनौका होत नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. तिच्या बाजूंना चिलखत कोठून असणार? त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरला ‘रावळपिंडी’ दोन जर्मन युद्धनौकांच्या तोंडीं सांपडून बुडाली, आणि हें सर्वांस दिसलें. तरीही दुसरा उपाय नसल्यानें ‘राजपुताना’ अटलांटिकांत व्यापारी जहाजांच्या तांड्यांची राखण करीत राहिली.

१३ एप्रिल १९४१ रोजीं आइसलंडच्या पश्चिमेस एका जर्मन पाणबुडीनें तिच्यावर टॉर्पेडो सोडले. तिचा पूर्वीचा उतारू या वेळीं हिंदुस्थानांत युद्धाविरुद्ध वैयक्तिक सत्याग्रह चालवीत होता! बोट तासाहून अधिक वेळ तरंगत राहिली, त्यामुळें ‘लीजन’ या विनाशिकेला अडीचशेंहून अधिक माणसें वांचवितां आलीं. सुमारें चाळीस मेलीं. शांततेच्या दिवसांतील तिचा अखेरचा कप्तान रिचर्डसन युद्धांतही तिच्यावरच राहिला होता. तो त्यांत होता.