दिवाबत्ती, विजेपूर्वीची (राजूर परिसर)

राजूर (ता. अकोले, जि. अहिल्यानगर) हे अकोल्याहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाजाराचे गाव. भोवतालच्या डोंगरवाड्यांत मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती आहे. वीज येण्यापूर्वी या मुलखातला उजेड आधी रानातून आणि शेतातून येई, दुकानातून नंतर.

संध्याकाळचा पहिला उजेड चुलीचा. कारवीच्या कुडाच्या घरात भाकऱ्या त्या जाळाच्या उजेडातच भाजल्या जात आणि जेवणेही चुलीपाशीच उरकत. वेगळा दिवा लागे तो काम अडले तर. गाय व्यायला झाली, बाळंतपण आले, विंचू निघाला, की दिवा हातात घेऊन तेवढ्या जागी न्यायचा आणि काम होताच मालवायचा. तेल हे धान्याइतकेच जपून वापरायची चीज होती.

हे तेल तीन-चार ठिकाणांहून मिळे. अकोल्याच्या डोंगरउतारांवर खुरासणी पिकते. पण ते खायचे तेल, दिव्यात जाळायला जीव होत नसे. करंजाचे तेल कडू आणि उग्र वासाचे. ते खाता येत नाही, म्हणूनच दिव्याच्या वाट्याला आले. मोहाच्या बियांचे तेल भरपूर निघते, मात्र थंडीत ते तुपासारखे थिजते आणि भंडारदऱ्याच्या बाजूची थंडी तर कडक. एरंडेलही जाळत, ते सावकाश जळते. बिया गोळा करणे, वाळवणे, फोडणे ही कामे घरातली बायकामुले करीत, आणि तेल लाकडी घाण्यावर निघे.

पणती आणि समई उथळ का असतात, याचे कारण या तेलांत आहे. बियांचे तेल दाट असते. कापसाच्या वातीतून ते जेमतेम थोडे वर चढते, त्यामुळे ज्योत तेलाच्या अगदी जवळ ठेवावी लागते. तेल खाली गेले की वात बोटाने किंवा काडीने पुढे सारायची, नाहीतर ती काजळी धरते. कोरी पणती तेल पिते, म्हणून ती आधी पाण्यात भिजवून घेत. मातीच्या भिंतीतल्या देवळीत दिवा ठेवला की वारा लागत नसे. ऐपतीच्या घरी देवापुढे पितळी समई असे. आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पुजले जात. पावसाळ्याच्या अंधाऱ्या दिवसांत ही झाडाझडती फार कामाची होती.

रॉकेलने हे सारे बदलले. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात खनिज तेलाची विहीर लागली आणि पुढच्या काही दशकांत रॉकेलचे पत्र्याचे डबे हिंदुस्थानच्या बाजारात येऊ लागले. रॉकेल पातळ असते, वातीतून भराभर वर चढते. त्यामुळे तेल खाली बाटलीत आणि ज्योत वर, अशी रचना शक्य झाली. गरिबाच्या घरातली चिमणी ती हीच. औषधाची रिकामी बाटली, तिच्या पत्र्याच्या झाकणाला भोक, भोकात पत्र्याची बारीक नळी आणि नळीत जुन्या लुगड्याच्या चिंधीची वात. तिला काच नसल्याने धूर मोकळा सुटे. आढे काळे पडे आणि तिच्याजवळ अभ्यासाला बसलेल्या मुलाच्या नाकपुड्या सकाळी काळ्या निघत. चिमणी कलंडून घरे आणि माणसे जळत, हेही विसरता येत नाही.

कंदील ही त्यावरची मोठी सुधारणा. बाजूच्या नळ्यांतून हवा आत येते, काच ज्योतीला आडोसा देते, म्हणून तो गोठ्यात, शेतात, पावसातही नेता येई. आधी हे कंदील परदेशातून येत. कराडजवळच्या ओगलेवाडीत ओगले बंधूंनी काढलेल्या काच कारखान्याचा ‘प्रभाकर’ कंदील पुढे महाराष्ट्रभर पोचला. दिवेलागणीआधी राखेने काच पुसणे हे मुलांचे काम, कारण लहान हातच आत जाई. वात सरळ कापली नाही तर एका बाजूने काजळी चढे. तापल्या काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती तडकलीच. लग्नात, भजनात आणि तमाशात मात्र गॅसबत्ती लागे. तिच्यात हवा भरून, मॅन्टल पेटवून देणारा जाणता माणूस गावात ठरलेला असे.

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, पण ते विजेसाठी नव्हे, प्रवरा नदीच्या खालच्या अंगाच्या शेतीसाठी होते. धरणाशेजारी वीज निघाली ती त्यानंतर सुमारे ६० वर्षांनी. राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाल्यावर खेड्यांत तारा पसरत गेल्या. रस्त्यावरच्या गावांना त्या आधी मिळाल्या, डोंगरातल्या वाड्यांना उशिरा. तोवर रेशनच्या रॉकेलची रांग हाच तिथल्या उजेडाचा आधार होता.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पितळी दिव्यांचा देखणा संग्रह आहे. बाटलीची चिमणी तशी जपावीशी कुणाला वाटली नाही. वीज येताच ती उकिरड्यावर गेली. राजूर परिसरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती अजून बनवता येते. त्यांच्याकडून ती करवून घेऊन, करंजतेलाच्या दिव्यासोबत तालुक्यातच जतन करायला हवी.