वेशीपासून सोसायटीच्या गेटपर्यंत

1917 साली बडोद्यात बाबासाहेबांना राहायला जागा मिळाली नाही, हे आपल्या प्रत्येक वस्तीत सांगितले जाते. परदेशातले शिक्षण होते, संस्थानची नोकरी होती. तरी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. ही भूतकाळातली घटना म्हणून आपण सांगतो. पण तीच बंदी पुढे नोंदणीकृत नियम कशी झाली, हे तपासायला नको का?

1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत गृहनिर्माण सोसायटी स्थापन झाली. देशातल्या अगदी पहिल्या सोसायट्यांपैकी ती एक. भाड्याच्या अपुऱ्या जागेत राहणाऱ्यांनी एकत्र येऊन घरे बांधली, यात गैर काही नाही. पण एकत्र येण्याचा आधार जात होती. आपले कामगार तेव्हा सरकारी यंत्रणेने बांधलेल्या चाळींत होते. बाबासाहेबही परळच्या चाळीत राहिले. फरक समजून घ्या: चाळीतली खोली सरकार देत होते, सोसायटीचे सभासदत्व शेजारी देतात. म्हणजे गावाची वेस शहरात आली ती कमिटीच्या ठरावातून.

1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने 'खुले सभासदत्व' हे तत्त्व आणले. पुरेशा कारणाशिवाय पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येणार नाही, असे त्याने सांगितले. मग 2005 साली अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. फक्त पारशांनाच सभासद करण्याचा तिचा नियम न्यायालयाने वैध ठरवला. आधार होता कलम 19(1)(c), संघटना करण्याचे स्वातंत्र्य.

काही जण म्हणतील, लहान समाजाने आपली वस्ती जपली तर बिघडले काय? प्रश्न रास्त आहे. दंगलीच्या भीतीने एकत्र राहणारेही आहेत. पण जीव वाचवायला एकत्र येणे वेगळे आणि विटाळ टाळायला दार बंद करणे वेगळे. ज्याच्या हाती जमीन आणि भांडवल आहे, त्याचे 'स्वातंत्र्य' दुसऱ्याच्या वाट्याला बहिष्कार म्हणून येते.

आज कोणी जात विचारत नाही. आडनाव विचारतात, 'व्हेज की नॉनव्हेज' विचारतात, आणि शेवटी 'फ्लॅट आधीच गेला' असे सांगतात. लेखी काहीच नसते. म्हणून तरुणांनो, अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचे कारण लेखी मागा. उत्तर आले नाही तर उपनिबंधकाकडे जा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून वा राहण्यापासून अडवणे हा 1955 च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

आणि जे आधीच सभासद आहेत, त्यांनी मेंटेनन्स भरून गप्प बसू नये. कमिटीची निवडणूक लढवा. दार कोणाला उघडायचे हे तिथेच ठरते.

जय भीम!